लघु प्रकल्प

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर ओळखायचा असेल, तर त्याच्यापुढे काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवावा. साधा माणूस बशीत सांडणार नाही अशा बेताने कप उचलतो. हा उचलत नाही. आधी कपाकडे बघतो, मग यजमानाकडे, आणि विचारतो, "फ्रीबोर्ड कुठंय?"

सहकारनगरातल्या आमच्या शेजारच्या अण्णांनी हा प्रश्न माझ्या घरी विचारलाय, माझ्या सासऱ्यांच्या घरी विचारलाय, आणि एका मुंजीच्या पंगतीत कढीच्या वाटीकडे बघून वाढप्यालाही विचारलाय. धरण पूर्ण भरलं तरी पाण्याच्या वर माथ्यापर्यंत थोडी उंची राखून ठेवतात. लाट उठली, येवा अचानक वाढला, तर पाणी माथ्यावरून जाऊ नये म्हणून. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहायला लागलं की ते धरण गेलंच म्हणून समजा. कढीचं तसं नसतं, हे अण्णांना अजून कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

दर गल्लीत असा एक असतोच. वीज मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ आकाशकंदिलाचं अर्थिंग तपासतात. बँकेतले भाजीवाल्याच्या बेरजेवर लाल पेन्सिलीने टिकमार्क करतात. खातं सुटतं, खात्याची भाषा काही सुटत नाही. घरच्यांनाही मग ती यायला लागते. अण्णांचं वेगळेपण एवढंच, की त्यांनी निवृत्तीनंतर भाषेवर भागवलं नाही. धरण बांधलं. परसात. लांबी ३ मीटर, रुंदी दीड मीटर, पाण्याची खोली ७० सेंटिमीटर, साठवण क्षमता ३,१५० लिटर. शेजारीपाजारी त्याला 'अण्णांचा हौद' म्हणतात. अण्णांच्या फायलीवर 'लघु प्रकल्प' असं लिहिलेलं आहे. "खर्चाने मोठा," असं त्यांच्या पत्नी माई त्यात भर घालतात.

त्याचं असं झालं. माईंना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या. वाचा महिन्याभरात परत आली, आणि आली ती पहिल्यापेक्षा धारदार. भेटायला येणाऱ्यांना त्या सांगत, "उजवा कालवा बंद. आता सगळं सिंचन डाव्यावर." येणारा रडायच्या तयारीने आलेला असायचा, त्याला कुठे बघावं ते कळायचं नाही.

माईंचं माहेर महाडकडचं. तिकडे काळ नदीत वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे देवीचे, त्यांना कोणी धरत नाही. चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे वर येतात. माई लहानपणी तिथे पाण्यात हात बुडवून बसायच्या. आजारपणात त्यांनी वाळण कोंडाची आठवण एकदाच काढली, बहुधा सहज. अण्णांनी ती वहीत लिहून घेतली. ते पान मी पाहिलंय. 'मागणी : पाण्यात हात घालून बसणे. मासे असावेत.' खाली तारीख आणि सही.

बेंगळुरूच्या लेकीने फोनवर सरळ उपाय सांगितला. "बाबा, हॉलमध्ये एक फिश टँक आणा ना. दिवसभर बघत बसेल." अण्णा म्हणाले, "टँक बघायला असतो. मागणी हात घालायची आहे." आणि सर्वेक्षण सुरू झालं.

सर्वेक्षण म्हणजे हॉलमध्ये माईंच्या खुर्चीशेजारी दिवाळी अंकांचा गठ्ठा, त्याच्यावर पाण्याने भरलेली पितळी परात, आणि गुडघ्यावर बसलेले, हातात टेप घेतलेले पंचाहत्तरीचे अण्णा. खुर्चीतल्या माणसाने वाकायचं नाही, खांदा ताणायचा नाही, कोपर काठावर टेकलं पाहिजे आणि तरी मनगट बुडलं पाहिजे, अशी अट. खुर्चीचा डावा हात काढता येणारा निघाला म्हणून, नाहीतर तिथेच अडलं असतं. अण्णा एकेक अंक काढत होते, एकेक घालत होते.

"आता?"

"खांद्याला ओढ बसतेय. अजून एक काढा."

"कुठला काढू?"

"तो राशिभविष्याचा. जाडही आहे आणि यंदा एक शब्द खरा ठरला नाही त्याचा."

तो निघाला आणि परात कलंडली. वर्षभराचं साहित्य भिजलं. पण आकडा हाती आला : काठाची उंची जमिनीपासून ६० सेंटिमीटर. पाण्याला खोली जास्त हवी, म्हणून तळ जमिनीखाली २० सेंटिमीटर न्यायचा. काठावर ३० सेंटिमीटर रुंद कडाप्पा बसवायचा. त्याच्या कडा घासून गोल करायच्या, म्हणजे हात कापणार नाही. माईंना खुर्ची पाण्याला समांतर लावता आली पाहिजे, आणि डावी बाजू पाण्याकडे आली पाहिजे. या शेवटच्या अटीपायी हौदाची जागा परसातल्या परसात इकडून तिकडे गेली, आणि जास्वंद बुडीत क्षेत्रात आली.

जास्वंद माईंनी लावलेली. त्यांनी खुर्चीतूनच घोषणा दिली, "आधी पुनर्वसन, मग धरण!" आयुष्यभर ही घोषणा गेटबाहेरून ऐकलेल्या अण्णांना ती पहिल्यांदाच घरातून ऐकावी लागली. जास्वंदीला मोठी कुंडी मिळाली, उन्हाची जागा मिळाली, शेणखत मिळालं. "एवढ्या वेगाने झालेलं पुनर्वसन मी खात्यात असताना कधी पाहिलं नाही," हे अण्णांनीच कबूल केलं.

उतरणीने तर हौदापेक्षा जास्त जागा खाल्ली. ओट्याच्या पायऱ्या तीन, उंची ४५ सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीच्या उतरणीला एकास बारा हे प्रमाण, म्हणजे लांबी झाली ५ मीटर ४० सेंटिमीटर. परस काही तेवढं लांब नाही. मग मध्ये वळण, आणि वळणावर खुर्ची फिरायला दीड मीटरचा चौक. गवंडी म्हणाला, "काका, थोडं उभं काढू की, दोन मीटरमध्ये बसतंय." अण्णांनी त्याला खुर्चीत बसवलं, फळी टाकून तसाच उभा उतार केला आणि खुर्ची सोडली. त्यानंतर गवंड्याने उताराचा विषय काढला नाही. या वळणदार उतरणीला माई 'वरंधा' म्हणतात. वरंधा घाट उतरला की त्यांचं माहेर.

भिंतीवरूनही त्या दोघांची जुंपली. कमरेएवढ्या हौदाला नऊ इंची भिंत आणि त्यात सळ्या कशाला, हा गवंड्याचा मुद्दा. अण्णांनी त्याला प्लॅस्टरच्या पाटीवर खडूने त्रिकोण काढून दाखवला. ७० सेंटिमीटर पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे अडीचशे किलोने ढकलतं, रात्रंदिवस, रविवारीसुद्धा. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ हे ऐकून आपल्या बाल्कनीत असाच हौद करावा म्हणून विचारायला आले होते. "चौरस मीटरला सातशे किलो पाणी," अण्णा म्हणाले, "आणि बाल्कनी तीनशेच्या हिशेबाने बांधलेली असते. तुमच्या खाली कोण राहतं?" ते गृहस्थ आता कुंडीत कोरफड लावून सुखी आहेत.

माईंनी काठापासून पाण्यापर्यंतची १० सेंटिमीटरची जागा ५ वर आणायचा प्रयत्न करून पाहिला. अण्णा म्हणाले, "पानशेत." माई गप्प बसल्या.

१२ जुलै १९६१ला अण्णा अकरा वर्षांचे होते, घर शनिवार पेठेत. बांधकाम पुरतं होण्याआधीच पहिल्या पावसाळ्यात भरलेलं पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं, आणि दुपारपर्यंत त्यांच्या वाड्यात पाणी होतं. पुण्यातल्या त्या वयाच्या प्रत्येक माणसाकडे पानशेतची एक गोष्ट असते. अण्णा गोष्ट सांगत नाहीत. त्या पुरातून निघालेला मुलगा इंजिनिअर झाला आणि त्याच खात्यात गेला, एवढंच. दरवर्षी १२ जुलैच्या रात्री ते बॅटरी घेऊन हौदाभोवती फिरतात, भिंतीला हात लावून ओल बघतात. ३,१५० लिटर पाण्याने फार तर शेजाऱ्यांच्या स्कूटरचे टायर भिजतील. पण त्या रात्री त्यांची चेष्टा माईही करत नाहीत.

बांधकाम झाल्यावर अण्णांचं आवडतं वाक्य आलं : "अठ्ठावीस दिवस द्या." काँक्रीटची ताकद अठ्ठाविसाव्या दिवशी मोजतात, यावरून अण्णांनी जगातल्या सगळ्याच गोष्टींना अठ्ठावीस दिवस बांधून दिलेत. नवी कामवाली, नवा चष्मा, नवं सरकार, भाच्याची नवी बायको. अठ्ठावीस दिवसांच्या आत मत द्यायचं नाही. हौदाला मात्र तेवढ्यानेही भागलं नाही. ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि त्यात मासे जगत नाहीत. माशांच्या दुकानातल्या पोराने सांगितलं, केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून पाणी भरून ठेवा, ते सडू द्या, मग काढून धुवा, पुन्हा भरा. अण्णांनी आधी "अशास्त्रीय" म्हणून नाक मुरडलं, मग लिटमसच्या पट्ट्या आणून चाचणी घेतली, आणि पट्ट्यांनी केळीच्या बाजूने कौल दिल्यावर नाकाला रुमाल लावून तो प्रयोग पुरा केला. आठवडाभर आमच्या सगळ्यांच्या खिडक्या बंद होत्या.

त्या दुकानातल्या पोराचं आणि अण्णांचं नंतर चांगलंच जमलं. मुलगा असेल विशीतला. त्याने सांगितलं की माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो माशांना विष. गाळणीतल्या स्पंजवर एक जातीचे जिवाणू वाढतात, ते त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंच सोसतं आणि झाडांना आवडतं. ही सगळी व्यवस्था बसायला चार ते सहा आठवडे. एकदम सगळे मासे सोडले तर सगळे मरतात.

"म्हणजे दोन उपविभाग," अण्णा म्हणाले. "पहिल्याने फाइल निम्मी करून पुढे पाठवायची, दुसऱ्याने निकाली काढायची. आणि भरती व्हायला सहा आठवडे?"

"हो काका."

"फारच लवकर होते."

त्यांना आधी कोई हवे होते. जपानमधल्या निईगाता भागातल्या शेतकऱ्यांनी भातशेतीच्या तळ्यांत खाण्यासाठी पाळलेल्या माशांतून हे रंगीत निघाले, हे वाचल्यापासून कोई म्हणजे मूळचा सिंचन खात्याचाच मासा, असं त्यांचं मत. पण कोई दोन फूट वाढतो, त्याला मीटरभर तरी खोल पाणी लागतं. अण्णांनी आपल्या साठ्याकडे पाहिलं आणि मागणी नामंजूर केली. शेवटी आले सहा गोल्डफिश, लांब शेपटीचे, आणि डासांच्या अळ्या खायला गप्पी.

मासे सोडायच्या दिवशी रीतसर जलपूजन झालं. धरण भरल्यावर मंत्री करतात तसं : नारळ, खण, ओटी. माईंनी डाव्या हाताने ओटी पाण्याला लावून परत घेतली; "खण चांगला आहे, गाळ कशाला करायचा," म्हणाल्या. मला प्रमुख पाहुणा केलं होतं. अण्णांनी भाषणात प्रकल्पाचा आढावा घेतला आणि लाभक्षेत्र सांगताना कागदातून डोकं वर न काढता वाचलं, "लाभधारक : एक." टाळ्या वाजवायला मी आणि घरकामाच्या बाई, दोघंच होतो.

तेव्हापासून रोज सकाळी मला बातमीपत्र येतं. "सहा वाजताचा साठा ३,१०० लिटर. ९८ टक्के. सांडव्यावरून विसर्ग नाही. माशांची हालचाल समाधानकारक." सांडवा म्हणजे काठाखाली १० सेंटिमीटरवर बसवलेला पाइपचा तुकडा. पावसाळ्यात त्यातून करंगळीएवढी धार लागली की बातमीपत्रात 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' असं येतं. नदीकाठी त्यांचा पुदिना आहे.

सुरुवातीचे दोन महिने पाणी मुगाच्या आमटीसारखं हिरवंगार होतं आणि अण्णांची झोप उडाली होती. औषधं नकोत, सावली करा, असं दुकानातल्या पोराने सांगितलं. कुमुदाची पानं पसरली, अर्धं पाणी झाकलं, आणि शेवाळ आपोआप हटलं. त्यात अण्णांचं कर्तृत्व काहीच नसल्यामुळे ते हा भाग भराभरा सांगतात.

आता गळतीचं प्रकरण. मे महिना होता. पुण्याच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला आठ-नऊ मिलिमीटरने उतरते. या हौदातून चाळीसेक लिटर, म्हणजे दोन बादल्या वाफ होऊन जातात. ते अण्णांना मान्य होतं. पण पातळी बारा मिलिमीटरने उतरत होती. मग बादली-चाचणी. एक बादली हौदातच विटांवर ठेवायची, आत-बाहेर पाणी एका पातळीला आणायचं, दोन्हीकडे खुणा करायच्या. ऊन दोघांना सारखं, वारा सारखा. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे सारखंच उतरलं तर बाष्पीभवन; हौदात जास्त उतरलं तर गळती. बादली नऊने उतरली, हौद बारानेच. फरक तीन मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा लिटर. रोज.

अण्णांनी भिंतीभोवतीची माती उकरली. कोरडी ठणठणीत. सांडव्याचा सांधा बघितला, पंपाची नळी बघितली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मला फोन : "पहाऱ्याला या." एरवी या वेळी ते वामकुक्षी घेतात. त्या दिवशी आम्ही दोघे स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्याआड उभे होतो. गॅसवरच्या गरम कढईचा चटका माझ्या कोपराला बसत होता आणि अण्णा ओठांवर बोट ठेवून होते.

साडेतीनला वरंध्यावरून खुर्ची उतरली. मागे बाई. त्यांनी खुर्ची काठाला लावली, ब्रेक दाबला, आणि माईंच्या हातात तांब्या दिला. माईंनी तो पाण्यात बुडवला, मासे हाताभोवती फिरू दिले, सावकाश भरून बाईंकडे दिला. बाईंनी तो मोगऱ्याला घातला. पुन्हा तांब्या. जास्वंदीला. पुन्हा. कढीलिंब. सगळं कसं पाठ असल्यासारखं चाललं होतं. बाई मध्येच काहीतरी बोलल्या आणि माई तोंडावर पदर घेऊन हसल्या.

"अनधिकृत उपसा," अण्णा कुजबुजले. "आणि संगनमत."

माईंनी मान वळवली नाही. "खिडकीतल्यांनी बाहेर यावं. येताना बादली आणा, तांब्याने फार वेळ जातो."

अण्णा बाहेर गेले. रागावतील असं मला वाटलं होतं. ते तांब्ये मोजत होते. "तेरा-चौदा होतात का गं रोज?"

"होत असतील."

"मग बरोबर आहे." त्यांचा चेहरा एकदम उजळला. भिंत गळत नव्हती. "पण मागणी अर्ज तरी द्यायचा होतास."

"कसला अर्ज?"

"नमुना सात."

शेतकऱ्यांकडून पाणीअर्ज घेता घेता ज्याचा जन्म गेला, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात, खराखुरा अर्ज आला. पीक : मोगरा, जास्वंद, कढीलिंब. क्षेत्र : कुंड्या. थकबाकी : नाही. माईंनी झटक्यानंतर लिहिलेली ती पहिली ओळ, असं लेकीने मला नंतर सांगितलं. अण्णांनी त्यावर 'मंजूर' असा शेरा मारला. मंजुरीला तांत्रिक आधारही होता. हौदातलं दहावा हिस्सा पाणी दर आठवड्याला बदलायचंच असतं, आणि काढलेल्या पाण्यात झाडांना हवं ते नायट्रेट आयतंच असतं. आता दर रविवारी आवर्तन सुटतं. ३१५ लिटर, शेवटच्या कुंडीपासून सुरुवात. वरच्याने आधी पाणी ओढून टोकाच्याला उपाशी ठेवायचं नाही, हा अण्णांचा जुना आग्रह. भरायचं पाणी आदल्या रात्री पिंपात उघडं ठेवतात, क्लोरीन उडून जावा म्हणून.

चुरमुऱ्यांचं प्रकरण मात्र अजून न्यायप्रविष्ट आहे. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं द्यायचं, उरलेलं कुजून अमोनिया वाढतो. अण्णा घड्याळ लावून दाणे टाकतात. तरी एकदा चाचणीच्या नळीतलं पाणी पिवळं राहायचं ते हिरवं झालं, आणि खुर्चीच्या गादीखाली चुरमुऱ्यांची पुडी सापडली. "वाळण कोंडात कोणी घड्याळ लावत नाही," हा माईंचा बचाव. माईंच्या आधारासाठी बसवलेल्या स्टीलच्या दांडीवर ओले पंचे वाळत घालण्यावरूनही दोघांचा पत्रव्यवहार सुरू आहे. "हे वजन डिझाइनमध्ये धरलेलं नाही," असं अण्णांचं म्हणणं. चाळीस किलोच्या माणसाने लटकावं म्हणून बसवलेली ती दांडी आहे.

खंड्याला मात्र माईंचा उघड पाठिंबा आहे. तो सकाळी विजेच्या तारेवर येऊन बसतो, निळा झगमगीत, आणि वरून हौद न्याहाळतो. अण्णांना जाळी टाकायची होती. जाळी टाकली की हात कुठून घालणार, या एका प्रश्नावर तो ठराव पडला. गोल्डफिशना लपायला तळाशी मातीच्या नळ्याचे तुकडे टाकलेत आणि वर कुमुदाची पानं आहेत. खंड्या नेतो त्या गप्पी, आणि गप्पी दर महिन्याला पिल्लं घालून घालून इतक्या झाल्यात की न्यायला कोणी हवंच होतं. वहीत खंड्याची नोंद 'बिगरसिंचन वापर' म्हणून होते. पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधायला महापालिकेच्या बायका आल्या. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, अळी एकही नाही. जाताना त्याच पिशवीभर गप्पी मागून घेऊन गेल्या, पुढच्या गल्लीतल्या टाक्यांसाठी. अण्णा दिवसभर 'आंतरखोरे स्थलांतर' असं काहीतरी पुटपुटत होते.

एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. पंप बंद. उकाड्यात पाण्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात रात्री वनस्पतीही तो ओढतात. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. अण्णा स्टुलावर बसले आणि तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा त्याच पाण्यात ओतत राहिले, उजाडेपर्यंत. फिरायला निघालेल्या एका काकूंनी कुंपणातून बघून हात जोडले आणि बाहेरूनच विचारलं, "लघुरुद्र का?" "लघु प्रकल्प," अण्णा म्हणाले. ओतणं थांबवलं नाही.

ती वही मी एकदा चाळली. तारीख, साठा, तापमान, अमोनिया, पाऊस. शेवटचा रकाना 'ला. उ.' खाली आकडे : ४०, ३५, ५५.

"हे काय?"

"लाभधारकांची उपस्थिती. मिनिटांत. प्रकल्प वापरात आहे की नाही, त्याचं मूल्यमापन नको?"

मागच्या हिवाळ्यात माई काही दिवस रुग्णालयात होत्या. त्या तारखांना तो रकाना कोरा आहे. साठ्याचाही कोरा आहे, तापमानाचाही. अख्ख्या नोकरीत ज्याने एका दिवसाची गेज नोंद चुकवली नाही, तो माणूस. मी वही मिटून ठेवली आणि पावसाबद्दल बोललो.

गेल्या आठवड्यात अण्णा टेप घेऊन माझ्याकडे आले. "जरा खुर्चीत बसा. ताठ." कोपरापासून जमिनीपर्यंत मोजलं, वहीत लिहिलं. मग उभं राहायला लावून गुडघ्यापर्यंत मोजलं. बागेतल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याशेजारी असाच एक हौद करायचा म्हणे, बसायच्या उंचीचा, ४५ सेंटिमीटर, खुर्चीवाल्यांना एका बाजूने वाट. टप्पा दोन. नकाशे तयार होते. मागे लाभधारकांची यादी होती, त्यात पाचव्या क्रमांकावर माझं नाव.

"अहो अण्णा, मी अजून बावन्नचा आहे. ज्येष्ठ नागरिक कुठला?"

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, टेप गुंडाळून खिशात घातली.

"परवानग्या, निविदा, बांधकाम. तोवर व्हाल पात्र."